साडूभाऊ आणि मागच्या खोलीतलं वायफाय

हळू आवाजात बोलण्याची सोय माणसाला आहे, ही गोष्ट माझ्या थोरल्या साडूंना आजवर कोणी सांगितलेली नाही. सांगितली असली तरी ती त्यांना ऐकू गेली नसणार, कारण त्या वेळी ते स्वतः बोलत असणार. अमरावतीच्या बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा माइक त्यांनी तिथल्या टेबलावर ठेवला आणि आवाज तेवढा घरी आणला. घोषणा दोनदा करायची असते हा नियमही त्या आवाजाबरोबर आला. त्यामुळे चहा हवा असला तरी ते पुढच्या खोलीतून म्हणतात, "चहा ठेवा. मी म्हटलं, चहा ठेवा." आम्ही अकोल्याला राहतो. त्यांचा फोन आला की मी तो हातभर लांब धरतो, आणि माझी बायको स्वयंपाकघरातून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते. आमच्या फोनला स्पीकरचं बटण आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण तोवर त्याची गरजच पडली नव्हती.

या माणसाचा जीव दोन गोष्टींत अडकलेला आहे. एक पाहुणा आणि दुसरी वायर. पाहुणा दारात चपला काढत असतानाच ते त्याला वायफायचा पासवर्ड सांगायला लागतात. एकदा कोणी ओळखीचे गृहस्थ लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. पत्रिका हातातच राहिली आणि साडूभाऊंनी त्यांच्याकडून पासवर्ड पाठ करून घेतला. पाणी त्यानंतर आलं. मी म्हटलं, "अहो, आधी बसू तर द्या त्यांना." तर म्हणाले, "पाणी आन् वायफाय, हे दोन मांगायची पाळी पावन्यावर येऊ नये, भाऊ." परिणामी त्यांच्या ओट्यावर दुपारी कोणी ना कोणी मान खाली घालून बसलेलं असतं. साडूभाऊ बाहेर येतात, त्या माणसाला ओळखत नाहीत, "चालून राहिलं का बरोबर?" असं विचारतात आणि त्याने मान हलवली की समाधानाने आत जातात.

वायरीचं प्रेम याहून जुनं. बिघडलेली वस्तू त्यांनी कधी टाकली नाही. आधी ती उघडायची, मग तिच्यात एक वायर वाढवायची, मग ती चालत नाही असं ठरलं की माळ्यावर ठेवायची, असा त्यांच्या घरातल्या प्रत्येक यंत्राचा जीवनक्रम आहे. यंत्राबरोबर येणारं माहितीपत्रक ते वाचत नाहीत. घडी न मोडता ते देवघरात, देवाच्या फोटोमागे ठेवतात. वाचलं तर यंत्र बनवणाऱ्याचा अपमान होतो, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

त्यांच्या घरात वायफाय आलं ते असंच वाढत गेलं. इंटरनेट कंपनीच्या माणसाने पुढच्या खोलीत, दाराच्या वर, एक डबा लावून दिला. त्याची हवा मधल्या खोलीपर्यंत जाईना, म्हणून साडूभाऊंनी कुणाचा तरी जुना डबा आणून तिथे जोडला. स्वयंपाकघरासाठी आणखी एक, भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा, छोटा. प्रत्येक डब्याचं वायफाय वेगळं, म्हणून प्रत्येकाला नाव वेगळं, आणि नावं द्यायची म्हटल्यावर त्यांना बसगाड्यांशिवाय दुसरं काय सुचणार? पुढच्या खोलीतलं ‘परतवाडा जलद’, मधल्या खोलीतलं ‘मोर्शी’, आणि स्वयंपाकघरातलं, जे चालता चालता बंद पडायचं, ते ‘चिखलदरा घाट’. फोन हातात घेऊन घरातून चालत गेलं की पुढच्या खोलीतून पकडलेली गाडी मधेच सुटायची आणि पुढची मिळेपर्यंत ताटकळत उभं राहावं लागायचं.

याला घरही कारण होतं. प्लॉट अरुंद आणि लांब. पगार वाढेल तशी मागे एकेक खोली वाढत गेली, आणि प्रत्येक खोली बांधताना मिस्त्रीला साडूभाऊंचा हुकूम एकच, "भित जाड टाका. उन्हाळ्यात थंडं राह्यते." घर खरोखरच थंड राहिलं. पण मागच्या खोलीत, जी सगळ्यांत शेवटी बांधली, तिथे कोणत्याच गाडीचा थांबा नव्हता. आणि त्याच खोलीत आमच्या सासूबाई राहत होत्या.

सासूबाई मूळ हिवरखेडच्या. मुलगा नाही, मुली दोनच. सासरे गेल्यावर गुडघ्यांनी दगा दिला आणि गावच्या घरी एकटीने राहणं कठीण झालं. आमचा अकोल्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साडूभाऊंनी कोणालाच न विचारता हिवरखेडला गाडी नेली आणि अंगणात उभं राहून घोषणा केली, "अमरावतीले जाणाऱ्यांनी सामान बांधून घ्यावं." सासूबाईंनी मुकाट्याने पेटी भरली.

मुकाट्याने अशासाठी की सासूने जावयाशी थेट बोलायचं नाही, या रिवाजात त्या वाढल्या होत्या. माझ्याशीही त्या माझ्या बायकोमार्फत बोलत. पण मी वर्षातून चार वेळा भेटणारा. साडूभाऊ एकाच घरातले. त्यांचा आवाज कानावर आला की सासूबाई डोक्यावर पदर घेत, आणि आवाज सतत कानावर येत असल्यामुळे तो पदर खाली येण्याचा प्रसंगच नसे. साडूभाऊंनीही यावर आपल्या परीने मार्ग काढला. सासूबाईंना काही सांगायचं असलं की ते सगळ्या घराला उद्देशून सांगत. "घरातल्या सर्वांनी लक्ष द्यावं. बजारात संत्री गोड आली हायेत. कोणाले खावी वाटत असन तं सांगावं." मागच्या खोलीतून हळूच उत्तर येई, तेही ताईंसाठी. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची पत्नी. "सांग वं बाई त्याईले, दोन आना म्हनाव. जास्त नोका." मग साडूभाऊ टोपलीभर आणत, सोलत, फोडींच्या शिरा काढत, ताटली मागच्या खोलीच्या उंबरठ्यावर ठेवत आणि "संत्री उंबरठ्यावर लागली हायेत" असं सांगून परत फिरत. इकडे त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं की ते दुसऱ्या दिवशी आपोआप लागलेलं असे. ते कोणी लावलं हे घरात कोणी विचारत नसे. असं कित्येक वर्षं चाललं होतं, आणि दोघांचं काही अडत नव्हतं.

अडलं ते फोनमुळे. माझी बायको रोज दुपारी आईला व्हिडिओ कॉल करते. विषय ठरलेले. काय भाजी केली, गुडघा कसा आहे, कूलरमध्ये पाणी भरलं का. मागच्या खोलीत वायफाय नाही, मोबाइलची रेंजही जेमतेम, त्यामुळे कॉल लागायचा, अडकायचा, तुटायचा. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बोलता बोलता चित्र थांबलं. माझ्या बायकोचं तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, ओठ एका बाजूला ओढलेला, अशा अवस्थेत ती पडद्यावर गोठली आणि आवाजही गेला. मग कॉल बंद पडला. इकडे अकोल्यात हिने, नेहमीचंच आहे, म्हणून फोन चार्जिंगला लावला आणि ती झोपली.

तिकडे सासूबाईंनी धाकटीला लकवा मारला असं धरलं. ताई बाजारात गेल्या होत्या. घरात फक्त साडूभाऊ, पुढच्या खोलीत, आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. त्या म्हाताऱ्या बाईने ताई परत येईपर्यंत वाट पाहिली. रडत, भिंतीकडे तोंड करून, आवाज बाहेर जाऊ न देता. ताई आल्या तेव्हा सासूबाईंनी लुगड्यांची पिशवी भरून ठेवली होती. "मले अकोल्याले घेऊन चाल. तिचं तोंड वाकडं झालं. माह्या डोयानं पाह्यलं मी."

फोन झाला, हिने हसून दाखवलं, दोन्ही गाल फुगवून दाखवले. सासूबाई शांत झाल्या. पण साडूभाऊ झाले नाहीत. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. नेहमीसारखाच मोठा आवाज, पण वाक्यं एकेकदाच. "भाऊ, मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. मंधात तीन भिती. बुढी रडून राहिली आन् मले पत्ता नाही. सांगू कशी शकली नाही ती मले?" मी म्हटलं, रिवाज आहे त्यांचा. ते म्हणाले, "रिवाजाचं मी काही करू शकत नाही. वायफायचं करतो."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा मेश वायफायचा, म्हणजे सगळ्या घरभर एकच वायफाय पसरवणारा, दोन डब्यांचा संच येऊन पडला होता. पांढरे, गोल, पेढ्याच्या डब्याएवढे. साडूभाऊंनी आम्हाला गरम गिला वडा खाऊ घातला, हात धुवायला लावले आणि मग खोकं उघडलं. माहितीपत्रक देवघराच्या दिशेने निघालं होतं ते मी वाटेत अडवलं. त्यात पहिलीच ओळ अशी की एक डबा वायरीने घरातल्या जुन्या डब्याला जोडा. साडूभाऊ हे ऐकून दुखावले. "वायरच लावायची तं वायफाय कायचं?" वायरीवर एवढं प्रेम करणारा माणूस असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. बाहेरून येणारं इंटरनेट जुन्या डब्यातून नव्या डब्यात जायला वाट लागेल, नवे दोन डबे आपापसात मात्र हवेतून बोलतील, असं मी समजावलं. मग ते स्टुलावर चढले आणि त्यांनी वायर जोडली.

त्यांच्या फोनवर उतरवलेल्या, त्या संचाच्या अॅपने मग विचारलं की घरात आधीच एक राउटर दिसतो आहे, तर नव्याने नुसतं वायफाय पसरवायचं काम करावं का? साडूभाऊंना हा प्रश्न एकदम पटला. "बरोबर हाय. घरात कारभारी एक पाह्यजे. नवीन आला त्यानं हाताखाली काम करावं." त्यांनी ‘हो’ दाबलं. त्यानंतर अॅप म्हणालं, जुनं वायफाय बंद करा, नाहीतर फोन जुन्यालाच चिकटून राहतील. इथे मात्र त्यांचा हात थांबला. मग ‘मोर्शी’ त्यांनी काढून ठेवलं. ‘चिखलदरा घाट’ सॉकेटातून उपटलं. ‘परतवाडा जलद’चं नुसतं वायफायचं बटण दाबून धरताना मात्र त्यांनी डोळे मिटले, आणि तेवढा दिवा विझल्यावर म्हणाले, "लय सेवा केली यानं."

आता नव्या वायफायला नाव हवं होतं. सगळ्या घराला मिळून एकच. साडूभाऊ उठून उभे राहिले. "घरातल्या सर्वांनी लक्ष द्यावं. वायफायले नाव द्याचं हाय. कोणाले सुचत असन तं सांगावं." मागच्या खोलीतून ताईंकरवी निरोप आला, "काईबी ठेवा म्हन्ते आई. ध्यानात राहीन असं ठेवा." साडूभाऊ फोनकडे बघत राहिले. मग एका बोटाने, मराठीत, सावकाश त्यांनी ‘हिवरखेड’ असं लिहिलं. या नावाची घोषणा त्यांनी केली नाही. त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढच्या खोलीतल्या डब्याचा पांढरा दिवा लागला, पुढच्या खोलीत आनंदीआनंद झाला. दुसरा डबा घेऊन साडूभाऊ तडक मागच्या खोलीत गेले, म्हणजे सासूबाईंना पदर नीट करायला वेळ मिळावा म्हणून दोनदा घोषणा करून गेले, आणि एक लांब जोडवायर लावून खाटेजवळच्या कोनाड्यात त्यांनी तो ठेवला. दिवा नारंगी. थोडा सरकवला. नारंगी. अॅप सांगत होतं, हा डबा फार लांब पडतो, अलीकडे आणा. मी पत्रकात वाचून तेच सांगितलं, की जिथे वायफाय पोहोचत नाही तिथे डबा ठेवून उपयोग नाही, जिथपर्यंत ते बऱ्यापैकी पोहोचतं तिथे ठेवायचा म्हणजे तो पुढे ढकलतो. साडूभाऊंना हे मान्य नव्हतं. "ज्याईच्यासाठी आनला त्याईच्या उशाशीच राहीन तो." लांबीवर उपाय म्हणून त्यांनी उंची काढली. मधे लोखंडी कपाट आडवं येतं, तेव्हा डबा कपाटाच्या वरून, झरोक्यापाशी गेला तर सरळ दिसेल, असा हिशेब मांडून ते मागच्या खोलीच्या दारात स्टूल ठेवून चढले. एका हातात वायरीसकट डबा, दुसरा हात कपाटावर. स्टुलाचा एक पाय उंबरठ्यावर, उरलेले खाली. ताई म्हणाल्या, "अहो, उतरा." माझी बायको म्हणाली, "भाऊजी, राहू द्या." मी स्टूल धरायला पुढे झालो. ते टाचा उंचावून आणखी वर सरकले आणि स्टूल डुगडुगलं.

"जावईबापू, उतरा खाली. पडसान, हातपाय मोडून घेसान. वायफाय गेलं चुलीत."

आवाज खणखणीत होता. क्षणभर आम्हाला कळेना तो कोणाचा. सासूबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या, पदर खांद्यावर घसरलेला, आणि त्या थेट साडूभाऊंकडे बघत होत्या. साडूभाऊ, ज्यांना कोणी गप्प केल्याचं आमच्या घराण्यात कोणाला आठवत नाही, ते गुपचूप खाली उतरले. दोन पावलं मागे आले, आणि हातातला डबा कुठे तरी ठेवायचा म्हणून खोलीबाहेरच्या बोळात, ताईंच्या शिलाई मशीनवर ठेवला. मग म्हणाले, "उतरलो आई. मी म्हटलं, उतरलो."

"आयकलं. एकदाच सांगत जा. मी काही बयरी नाही," सासूबाई म्हणाल्या. आणि बोलून झाल्यावर त्यांना आपण काय केलं ते उमगलं असावं. हात पदराकडे गेला. पण साडूभाऊ समोरच उभे होते, लहान मुलासारखे, हाताला लागलेली कपाटावरची धूळ झटकत. त्यांचा चेहरा बघून सासूबाईंना हसू आलं. पदर तिथेच राहिला.

मशीनवरच्या डब्याचा दिवा पांढरा झाला आहे हे सगळ्यांत आधी ताईंनी पाहिलं. मी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. बोळ ही बरोबर मधली जागा होती, हे तेव्हा बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

मग चाचणी घ्यायची ठरली. माझी बायको घराबाहेर, कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत चालत गेली आणि तिथून तिने आईला कॉल केला. सासूबाईंचा फोन साडूभाऊंनी जोडून दिला. यादीतलं नाव त्यांना दाखवलं. त्या बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचू लागल्या, "हि, व, र, खेड." पुन्हा वाचलं. मग त्यांनी साडूभाऊंकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुमी लेयलं?" साडूभाऊ म्हणाले, "हो." एकदाच म्हणाले. तेवढ्यात पडद्यावर ही दिसली, रसाचा ग्लास हातात घेऊन. आईची खात्री पटावी म्हणून ही इतकी मान डोलवत, भुवया उडवत, ओठ हलवत बोलत होती की रसवाला गृहस्थ तिच्याकडे काळजीने बघू लागला. सासूबाई पडदा जवळ घेऊन निरखत राहिल्या. "हालून राहिलं," त्या म्हणाल्या, "सारं तोंड हालून राहिलं. आता पुरे कर माय, मान दुखन." आणि फोन साडूभाऊंकडे वळवून, "पाहा नं जावईबापू, कशी लख्ख दिसते." साडूभाऊंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि मग डोळे पुसायला चष्मा काढावा लागतो म्हणून चष्म्यालाच नावं ठेवत पुढच्या खोलीत निघून गेले.

दुपारी पातोडीची भाजी आणि भाकरी झाली. सासूबाई जेवायला पहिल्यांदाच पुढे, सगळ्यांत बसल्या. निघताना मी पाया पडलो, तर म्हणाल्या, "तुमी बी बोलत जा आता मायाशी. तुमी काय पाप केलं." परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत माझी बायको खिडकीबाहेर बघत होती, आणि मधेच तिचं तिलाच हसू येत होतं.

त्याला आता काही महिने झाले. कॉल रोज दुपारी होतो, तुटत नाही, आणि बऱ्याचदा लवकर संपतो, कारण सासूबाईंना वेळ नसतो. जावई हाका मारत असतात. परवा संध्याकाळी मात्र सासूबाईंचाच कॉल आला. हिने घेतला, तर पडद्यावर नुसता छताचा पंखा. चुकून बटण दाबलं गेलं असणार आणि फोन खाटेवर पडलेला. ही हाक मारणार होती, तेवढ्यात आईचा आवाज आला. ती साडूभाऊंशी बोलत होती.

"धाकटी लहान असतानी लय मांगं मांगं करे. मी निंदाले निंघाली का आली वावराच्या धुऱ्यावर. घरी जाय म्हटलं तं जाये नाही. उन्हात बसून राहे."

"मंग वं आई?" साडूभाऊ म्हणाले.

"मंग काय. डोक्शावर तिच्या ओला फडका टाको आन् निंदो. निंदता निंदता गानं म्हनो, म्हंजे तिले समजे मी कुठं हावो ते."

माझ्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. तिने हाक मारली नाही. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि समोर तुरीच्या शेंगा घेऊन बसली. तिकडे गोष्टी चालू होत्या. शेंगा सोलून संपल्या तरी ती उठली नाही. पडद्यावर पंखा फिरत होता.